कूलरच्या पलीकडची कुंदा

कुंदा,

काल दुपारी मी कूलर बंद केला. लाइट गेली नव्हती, टाकीतलं पाणी संपलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. मीच उठले आणि बटण दाबलं. तुझे हे, माझे भाऊजी, जेवत होते. घास हातातच धरून त्यांनी विचारलं, "बिघडला का वहिनी?" मी म्हटलं, "नाही, मले हिव लागून राह्यलं." बोलून गेले आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो, कारण हे वाक्य या घरात फक्त तू बोलायचीस.

बाहेर वैशाख. लोहाऱ्याकडून येणाऱ्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, शेजारपाजारचे लोक ओले पंचे डोक्यावर टाकून बसलेत, आणि मी कपाटातून रजई काढून पायांवर घेतली. मी! जी पौषातही पंखा एकवर ठेवून झोपायची आणि त्यावरून तुझ्या शिव्या खायची. परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि माझे तळवे बर्फासारखे गार. मला काही समजत नाही. समजलं नाही की पूर्वी मी तुला विचारायची आणि तू काहीतरी भलतंच उत्तर द्यायचीस. आता भलतं उत्तर द्यायलाही कोणी नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मार्गशीर्ष होता. शालीत गुंडाळलेली नवरी पाहून कोणाला काही वाटलं नाही. चैत्र आला तरी शाल सुटेना, तेव्हा मला वाटलं, धाकटी जाऊ जरा नखरेल मिळाली. त्यात तुझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथल्या मोठ्या खोलीत बारा महिने एसी, आणि तुझं टेबल नेमकं त्याच खोलीत. आख्खं यवतमाळ तुझ्यावर जळायचं. बिलाची तक्रार घेऊन आलेला माणूस दार उघडून उगाच उभा राहायचा, तक्रार विसरायचा. आणि तू आत भाऊजींचा स्वेटर, कानटोपी, पायमोज्यांत कापूस कोंबलेला, पोट शेकायला गरम डबा मांडीवर घेऊन बसलेली. "साहेबाले म्हटलं मी," तू संध्याकाळी सांगायचीस. "तो म्हने, मॅडम, मशीनले गरमी सहन होत नाही. म्हटलं, अन् माणसाले थंड?"

दुपारच्या सुट्टीत बाकीचे लोक आत यायचे तेव्हा तू बाहेर जायचीस, मागच्या अंगणात, सायकलींच्या पत्र्यापाशी, भर उन्हात उभी. पहारेकऱ्यानं बरेच दिवस बघितलं आणि शेवटी हात जोडून विचारलं, "ताई, हे कोणतं व्रत हाये?" तू म्हणालीस, "उन्हाचं." दुसऱ्या दिवशी त्यानं तुझ्यासाठी उन्हात स्टूल मांडला आणि स्वतः कडुलिंबाखाली बसून तुझ्या व्रतात कोणी व्यत्यय आणू नये म्हणून लक्ष ठेवलं. हे सांगताना तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. तुझ्या मातीला तो पहारेकरी आला होता. मागे उभा होता, उन्हात.

आपलं भांडण मात्र घरचं, कूलरचं. माझी शाळा पत्र्याची. पोरांना पाढे शिकवता शिकवता मी वितळून घरी यायची आणि कूलरपुढे पाय पसरायची. माझे हे राजूरच्या खाणीत, आठवड्यानं घरी येणार, तेव्हा कूलरवर माझंच राज्य. तू दिवसभर गारठून यायचीस आणि पुढच्या खोलीत आलीस की किंचाळायचीस, "बंद करा वो बाई ते भूत!" सगळी दुनिया मला बाई म्हणते, शाळेमुळे, पण तू म्हणायचीस त्यात धाकही असायचा आणि लाडही. मी बंद करायची नाही. तू थांबायची नाहीस. मग तू आपणच तोडगा काढलास. कूलर खिडकीत बसवलेला, त्याची पाठ बाहेर ओट्याकडे. तू बाहेर ओट्यावर, दिवसभर तापलेल्या भिंतीला पाठ लावून बसायचीस, मी आत वाऱ्यात, आणि मधे कूलर. तिथून आपण बोलायचो. तुझा आवाज पंख्याच्या पात्यांतून तुकडे होऊन यायचा, वाळ्याच्या ताट्यांतून ओला होऊन यायचा. भाजी काय करायची इथपासून तुझ्या साहेबाच्या बायकोपर्यंत सगळं त्या कूलरमधून झालं. येणारी-जाणारी माणसं तुला कूलरशी बोलताना बघून पुढे गेल्यावर मागे वळून बघायची.

तू गेल्यावर पाहुण्यांसाठी कूलर लावला, आणि मी सवयीनं त्याच्यासमोर बसले. वारा आला. नुसताच वारा. वाळ्याचा वास आला, पाण्याचे तुषार आले आणि त्यात तू नव्हतीस. माझं हे गारठणं तेव्हापासूनचं असावं. पण हेही मी आता मागे वळून म्हणतेय. तेव्हा वाटलं रडून रडून थकले असेन.

तुझा एक सिद्धांत होता, आठवतो? एका घरातल्या बायकांना मिळून एकच ऊब मिळते, आणि ती वाटून घ्यायची असते. "तुम्ही माह्या वाट्याची घेऊन बसल्या बाई, म्हणून तुमाले पंखा लागते अन् मले स्वेटर." मी म्हणायची, असं काही नसतं, रक्त कमी आहे तुझं. मग मी तुला डॉक्टरकडे ओढून नेलं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, लोहाच्या गोळ्या झाल्या, डिंकाचे लाडू झाले, अळीव झाले, कोणी सांगितलं म्हणून महिनाभर कच्चा लसूण झाला आणि त्या महिन्यात भाऊजी ओट्यावर झोपले. काहीच फरक नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. तू माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलंस. "पाहा. रक्त ठीक हाये. म्हणजे तुम्हीच घेतली." हा वाद आपला मिटलाच नाही. आता बघ, तुझ्या म्हणण्याप्रमाणं तुझा वाटासुद्धा माझ्याकडे यायला हवा होता. मी तर पेटायला हवी होते. मग हे काय झालं? सिद्धांत चुकला की हिशेब उलटा होता?

तुला एकदाच थंडी वाजली नाही, त्या कापसाच्या साली. भाव पडलेला, खरेदी आज सुरू होते, उद्या सुरू होते असं चाललेलं, आणि ज्याच्या-त्याच्या घरात कापूस. गावाकडच्या घरात जागा उरली नाही म्हणून भाऊजींनी ट्रॅक्टर भरभरून आपल्या इथं आणला. दिवाण, टीव्ही सगळं मागे गेलं आणि पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी झाली. त्या खोलीत काडी ओढायला बंदी, म्हणून देवघरातली समईसुद्धा स्वयंपाकघरात आली. सगळ्यांच्या अंगाला खाज. मला तर त्या खोलीचं दार उघडलं तरी घाम फुटायचा. भाऊजी सकाळी उठून रेडिओ लावायचे, भाव ऐकायचे, बंद करायचे. गावाकडून येणारा माणूस चांगली बातमी आणायचा नाही.

आणि तू त्याच थंडीत त्या ढिगात खळगा करून त्यात झोपायला लागलीस. पहिल्या दिवशी सकाळी बाहेर आलीस ती केसांत कापूस, गालांवर रंग, आणि अंगात स्वेटर नाही. तुझा हात धरला तर गरम. त्या दोन-तीन महिन्यांत तुझी कांती पालटली. तू गुणगुणायला लागलीस. घरात एवढी काळजी आणि तू गुणगुणतेस म्हणून मी डोळे वटारले, तर एक दिवस चुलीपाशी भाकरी थापता थापता तू एकदम थांबलीस.

"सगळ्याइच्या घरी भाव नाही म्हणून रड चालू हाये," तू म्हणालीस. "हे रोज देवाले म्हनतात, कापूस जाऊ दे. अन् मी मनात म्हनतो, आनखी थोडे दिवस राहू दे. हे पाप हाये का वो बाई?"

मी म्हटलं, "भाकरी करपून राह्यली." बस्, एवढंच. आजही तो प्रश्न मी चार बाजूंनी फिरवून बघते. एकाच ढिगाकडे बघून भाऊजींची झोप उडाली होती आणि तुला झोप लागत होती, आणि दोघंही खोटं नव्हतं. मी दोघांच्या मधे भाकरी वाढत होते. एवढं मात्र आज सांगते, तुला गरम झालेली बघून मला त्या साली जे सुख झालं ते मी कोणाजवळ बोलले नाही. म्हणजे पाप असलंच तर त्यात माझाही वाटा आहे.

होळीच्या आसपास कापूस गेला. मिळेल त्या भावाला गेला. माणसं पाट्या भरभरून नेत होती, तू दारात उभी होतीस. खोली रिकामी झाली, झाडून झाली, आणि संध्याकाळी तू स्वेटर घातलास. भाऊजींनी मात्र दोन गाठोडी बाजूला काढून ठेवली होती. ते म्हणाले, "दोघी रजया भरून घ्या."

मग तो उन्हाळा कापसातली सरकी, एकेक बी, काढण्यात गेला. पिंजारी म्हणाला सरकीसकट कापूस मी घेत नाही, आणि दोन गाठोड्यांसाठी सरकी काढणारा जिनिंगवाला कशाला दारात उभं करतो! म्हणून कूलरच्या आत मी, कूलरच्या बाहेर तू, आणि बोटांनी एकेक बोंड सोलणं. तुझं काम बघण्यासारखं. एक सरकी राहायची नाही. माझा धीर अर्ध्यात सुटायचा, मी तसाच कापूस गाठोड्यात कोंबायची. खोळीचं कापड एकाच ताग्यातलं घेतलं, लाल फुलांचं, कारण सासूबाईंची शिस्तच होती, जावांना काही आणायचं तर एकसारखं, म्हणजे भांडण नको. रजया भरून आल्या तेव्हा तू माझी दाबून बघितलीस आणि म्हणालीस, "बाई, ही रजई नाही, सरकीचं पोतं हाये." खरंच टोचायची ती. पहिल्या थंडीत मी कूस बदलायची तर बरगडीत सरकी. नंतर केव्हातरी टोचायचं बंद झालं. मला वाटलं वापरून चुरली असेल.

त्या रजईवरून तुझा एक टोमणा मी वर्षानुवर्षं ऐकला. माझी शाळा सकाळपाळीची. अंधारात उठायचं, आंघोळ, डबा, पळा. रजईची घडी करायला वेळ कुठला? तशीच पलंगावर पसरून जायची. परत यायची तर व्यवस्थित घडी, कोपऱ्याला कोपरा. आणि संध्याकाळी तू, "मास्तरीन बाई पोराइले शिस्त शिकवतात म्हने." मला राग यायचा. वाटायचं, मला खिजवायला करतेस. एकदा तर मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं माझ्या पलंगाला हात लावायला?" तू नुसती हसलीस. त्या हसण्याचा अर्थ मला कालपर्यंत माहीत नव्हता.

तू गेलीस तेसुद्धा रजई घेऊनच. स्वयंपाक आवरला, "जरा पडतो बाई," म्हणालीस, आणि वैशाखातल्या सुट्टीच्या दुपारी हनुवटीपर्यंत लाल फुलं ओढून झोपलीस. चहाला हाक मारली तर उठली नाहीस. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. शेजारच्या बायका रजईकडे बघून एकमेकींच्या कानाला लागल्या. मी तुझे पाय धरले होते. नेहमीसारखेच गार होते, म्हणून मला बराच वेळ काही कळलंच नाही.

गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण तेरवीला देऊन टाकायचं असतं. गादी जाऊ दे, उशी जाऊ दे, पण रजई मला हवी होती. का हवी ते सांगता येत नव्हतं. त्यातला कापूस त्या सालचा, ज्या साली तू गरम होतीस. एकेक बोंड तुझ्या बोटांनी सोललेलं. ते तुझं दुसऱ्या कोणाला द्यायचं आणि माझ्याकडे काय ठेवायचं? भिंतीवरचा फोटो? फोटोतही तू शाल घेतलेली. मी वणीच्या ताईंजवळ, म्हणजे आपल्या नणंदेजवळ, हळूच विषय काढला. सांगितलं की तू गेल्यापासून मलाही हिव लागतंय, रजई राहू द्या. तिथंच चुकलं. त्या एकदम उठून बसल्या. "तिचं हिव तुह्या अंगावर आलं वहिनी! मंग तर ती रजई घरात ठेवाचीच नाही." दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, आम्ही सगळे खोकलो. मी भांडू शकले असते. माझ्या तोंडापुढे कोण टिकतं, तुला माहीत आहे. पण भांडायला समोर तू लागायचीस. मी मान खाली घातली.

परवा स्टँडजवळच्या म्हातारीला बोलावलं. जेवली, तृप्त झाली, आणि रजई हातात दिली तर म्हणाली, "एवढ्या उन्हात, माय?" मग हातानं चाचपून म्हणाली, "भल्ली जड हाये. अन् सरकी हाये वो बाई हिच्यात." मी म्हटलं, नसणार. ती म्हणाली, "हाये ना, हे पाहा." माझं बोट धरून तिनं दाबलं. होती. एक नाही, ठिकठिकाणी. मी काही बोलण्याआधी ताईंनी तिला निरोप दिला आणि ती रजई डोक्यावर घेऊन फाटकातून गेली.

तुझ्या रजईत सरकी कशी? रात्रभर हेच. आणि काल दुपारी कूलर बंद करून मी माझी रजई पायांवर घेतली ती त्यासाठीसुद्धा. चाचपून बघितली. चारही कोपरे, मधला भाग, कडेची शिवण. सगळीकडे मऊ. एक सरकी नाही. माझ्या हातची आणि सरकी नाही! मला वाटलं माझं डोकं फिरलं. दिवाळीनंतर दोन्ही रजया गच्चीवर उन्हात पडायच्या, तिथं बदलल्या? तेरवीच्या गडबडीत कोणी उलटसुलट केल्या? भाऊजी हात धुऊन आले तेव्हा मी पलंगावर बसून रजई कणकेसारखी तिंबत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या कवाच्याच बदलल्या होत्या."

"कोणी?"

"तिनंच." ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. "तुम्ही सकाळी शाळेत गेल्या का ती तुमच्या पलंगावर जाऊन पडे. तुमची रजई गरमच राहे. आफिसची वेळ झाली का उठे अन् घडी करून ठेवे. एका थंडीत तिनं अदलाबदलीच करून टाकली. मी म्हटलं, तुह्यी चांगली मऊ हाये, ते पोतं कायले घेतं? तर म्हने, टोचते, पण बाईची ऊब बसली हाये हिच्यात. म्हने, बाईले सांगू नका, पंखा दोनवर करतीन."

भाऊजी हसले. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते ओट्यावर निघून गेले.

कुंदा, तू कमाल आहेस. आयुष्यभर माझ्यावर आळ घेतलास की मी तुझ्या वाट्याची ऊब घेतली, आणि रोज सकाळी येऊन वसूल करत होतीस! मी डॉक्टर करत बसले, डिंकाचे लाडू करत बसले, देवाला विचारत बसले की हिला कशानं बरं वाटेल, आणि उत्तर माझ्याच पलंगावर पडलेलं. बोलली असतीस तर मी आणखी तासभर लोळून रजई नीट तापवून दिली असती. शाळेला उशीर झाला असता तर झाला असता. पण तू बोलली असतीस तर मी तुला चिडवलंही असतं, हे पण खरं. म्हणून बोलली नसशील. की मजा येत होती? की लाज वाटत होती? बघ, पुन्हा प्रश्नच.

म्हातारीकडे गेली ती माझी रजई. तुझी माझ्याकडेच आहे, ताईंना न सांगता, रीतसर. तिच्यात मी इतक्या थंड्या काढल्या आणि मला पत्ता नव्हता की मी तुझ्या बोटांखाली झोपते आहे.

मला अजून गार वाटतंच. का ते कळत नाही, आणि डॉक्टरकडे मी जाणार नाही, ते म्हणतील सगळं ठीक आहे. शाळेला सुट्टी आहे तरी आज पहाटेच जाग आली. तू गेल्यापासून ताईंनी मला उठल्याबरोबर घडी करायला लावलं होतं. आज हात घडीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. रजई तशीच पसरून ठेवली, मी जिथं झोपले होते ती जागा उघडी पडू दिली नाही. दार लोटून घेतलं आणि इकडे ओट्यावर तुझ्या भिंतीला पाठ लावून बसले आहे.

रजई गरम आहे अजून. तुझी आफिसची वेळ होईपर्यंत मी आत येत नाही.